कारणे द्या

धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२२ साली विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. आमच्या जिल्ह्याला त्याचे अप्रूप वाटणे साहजिकच होते. मला मात्र त्या वेळी मुंबईतल्या दुसऱ्याच एका पहिल्या तुकडीची आठवण झाली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा जी मोजकी मुले दाखल झाली त्यांत भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळच्या जुन्या संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे. पण मुलांना प्राणी दाखवून परतणाऱ्या आईबापांना हे गृहस्थ कोण, हे सहसा ठाऊक नसते.

मूळचे ते गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्रे गावचे. खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. लहानपणीच मुंबईला आले. पोरगा बुद्धिबळात भलताच तरबेज. त्याचा खेळ पाहून एका इंग्रजाने वडिलांना गळ घातली, की याला इंग्रजी शिकवा. पुढे भाऊ एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. कच्छ-काठेवाडात जन्मतःच मुली मारण्याची जी दुष्ट चाल होती, तिच्यावरच्या त्यांच्या निबंधाला बक्षीस मिळाले. एवढे सगळे झाल्यावर ही बरी चाललेली मास्तरकी सोडून ते पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर जाऊन बसले.

कॉलेजचे प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड हे रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकवण्यावर भर देणारे. शेजारीच जमशेटजी जीजीभाईंचे रुग्णालय होते. तिथे मुलांनी रोगी पाहायचा, काय वाटते ते सांगायचे आणि का वाटते तेही सांगायचे. १८५१ साली जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले त्यांत भाऊ दाजींबरोबर प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंगही होते.

आज डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाची गाठ आधी पडते ती चार पर्यायांशी. ‘नीट’ला १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. पुढे पदव्युत्तर प्रवेशाला असेच २०० प्रश्न. ही पद्धत अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१४च्या सुमारास रूढ केली, असे मानतात. एकच उत्तर एका मास्तराला उत्तम वाटावे आणि दुसऱ्याला सामान्य, हा अन्याय त्याला टाळायचा होता. हेतू चांगलाच होता. आम्हीही बँकेत लागलो ते पेन्सिलीने गोळे काळे करूनच, तेव्हा या पद्धतीला नावे ठेवणे मला शोभायचे नाही.

शिवाय ती नुसती चाळणी नसते, हे मला नात्यातल्या एका मुलीच्या वहीने दाखवले. ती एमबीबीएस करते आहे. प्रश्न आमच्या शिवारातलाच वाटावा असा होता. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला शेतकरी पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते, अंगावर दंशाची खूण नाही. पर्याय चार: अन्नातून विषबाधा, अर्धांगवायू, कीटकनाशकाची बाधा, मण्यारचा दंश. तिने मण्यारवर खूण केली होती, आणि खाली उरलेले तिन्ही का नाहीत तेही लिहिले होते. अर्धांगवायू बहुधा एक बाजू धरतो. कीटकनाशकाने बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते. नुसत्या विषबाधेत सहसा पापण्या अशा पडत नाहीत. मण्यार चावल्याचे मात्र झोपलेल्या माणसाला अनेकदा कळतही नाही. एका प्रश्नात चार धडे झाले. या तीन ओळी लिहिल्या नसत्या तरी परीक्षेत गुण तेवढेच मिळाले असते.

भाऊ दाजींची गोष्ट मला इथे लागू वाटते. दवाखाना जोरात, धाकटे भाऊ डॉ. नारायण यांच्याबरोबर गोरगरिबांसाठी मोफत औषधोपचार, १८६९ आणि १८७१ साली मुंबईचे शेरीफपद. या सगळ्यातून वेळ काढून ते शिलालेख वाचत, पोथ्या जमवत. कालिदास कोण आणि केव्हाचा, हा तेव्हाचा मोठा वादाचा विषय. काश्मीरचा राजा मातृगुप्त म्हणजेच कालिदास, असे भाऊ दाजींनी मांडले. आज हे मत कोणी धरत नाही. गोळे काळे करायचे असते तर त्यांचा एक गुण वजा झाला असता. पण त्यांनी निबंधात पुरावा आणि तर्क उघड मांडला होता. म्हणून पुढच्यांना तो तपासता आला, खोडता आला.

वैद्यकीत मात्र ते उलटे वागले, याचे मला अजून नवल वाटते. महारोगावर त्यांनी औषध शोधले. रोगी लांबून येत, गुणही येतो असे सांगत. पण औषध कोणते, ते डॉक्टर उघड करीनात. पुरती खात्री झाल्याशिवाय बोलू नये, अशी त्यांची भूमिका असावी. समव्यवसायी डॉक्टर मागे लागले, टीका झाली. उत्तर होते, कारण झाकलेले. मग दुसऱ्याने ते पडताळावे कसे? ज्याने कालिदासाबाबत सगळा हिशेब मांडून दाखवला, त्यानेच इथे वही मिटून ठेवली.

१८७४ साली भाऊ दाजी वारले. ते औषध म्हणजे आपल्याकडच्या कडू कवठाच्या बियांचे तेल होते, हे मागाहून सर्वांना कळले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच जातीची तेले महारोगावर जगभर वापरात होती. १९४०नंतर सल्फोन गटातली औषधे आली आणि ती मागे पडली. भाऊ दाजींच्या हातून किती रोगी खरोखर बरे झाले, हे ठरवता येईल अशी नोंद त्यांनी जगापुढे ठेवली नाही.