संस्कृतच्या प्राध्यापकाने महाराष्ट्राला सलग दोनदा रणजी जिंकून दिली, त्यानंतर आजवर कुणालाच जमलं नाही

फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीत रणजी ट्रॉफीची मॅच झाली होती. महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर. तसं बारामतीला क्रिकेटमधल्या पदांचं कौतुक नवीन नाही. शरद पवार २००५ ते २००८ बीसीसीआयचे अध्यक्ष होते, पुढे आयसीसीचेही झाले. पण खुर्ची मिळणं वेगळं आणि रणजीची टीम आपल्या गावच्या मैदानात उतरणं वेगळं.

आता ही टीम नेमकी कुणाची, यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. राज्य एक असलं तरी रणजीत आपल्या तीन टीम खेळतात. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. बारामती, इंदापूर, दौंडकडचं पोरगं चांगलं खेळायला लागलं की त्याचा रस्ता मुंबईच्या नाही, तर महाराष्ट्राच्या टीमकडे जातो. मुंबईने रणजी चाळीसहून जास्त वेळा जिंकलीय. महाराष्ट्राने दोनदा. आणि दोन्ही वेळा कॅप्टन एकच होता, प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर.

होय, ज्यांच्या नावाने देवधर ट्रॉफी आहे तेच.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. पोटापाण्याचं काम म्हणजे एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणं. क्रिकेट त्याच्या जोडीला. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये ते १९११ साली उतरले आणि १९४६ पर्यंत खेळत राहिले. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरुवात आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर निवृत्ती. जगात असे खेळाडू फार थोडे सापडतील.

१९२६ मध्ये आर्थर गिलिगनची एमसीसी टीम भारतात आली. तेव्हा भारताला टेस्टचा दर्जा नव्हता, साधं बोर्डही नव्हतं. मुंबईच्या जिमखान्यावर देवधरांनी त्यांच्याविरुद्ध १४८ धावा काढल्या. त्याच दौऱ्यात सी. के. नायडूंनी हिंदू टीमकडून १५३ धावा ठोकल्या होत्या. भारतीयांना हा खेळ खरोखर येतो, हे इंग्रजांना त्या दौऱ्यात दिसलं. १९२८ मध्ये बोर्ड झालं आणि १९३२ मध्ये भारत पहिली टेस्ट खेळला.

त्या टीममध्ये देवधर नव्हते. वय चाळीस झालं होतं. ज्यांच्या बॅटने दार ठोठावलं, त्यांनाच आत जाता आलं नाही. ते टेस्ट कधीच खेळले नाहीत.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. पण देवधरांचा खरा खेळ यानंतरचा आहे. १९३४ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन स्थापन झाली, त्याच वर्षी रणजी सुरू झाली, आणि काही वर्षांत टीमची सूत्रं प्राध्यापकांकडे आली.

इथे एक नियम समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. रणजीची बाद फेरीची मॅच वेळेत संपली नाही, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जातो. मग ती एका रनची का असेना. त्यामुळे आधी डोंगर उभा करायचा आणि मग समोरच्याला चढायला लावायचं, हा महाराष्ट्राचा खाक्या झाला. १९३९-४० मध्ये विजय हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढल्या. त्याच हंगामात युनायटेड प्रॉव्हिन्सेस, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या टीमला १० विकेटने हरवून महाराष्ट्र पहिल्यांदा चॅम्पियन झाला.

पुढच्या हंगामात गाठ पडली मुंबईशी. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या देवधरांच्या एकट्याच्या २४६. मुंबईही काही कच्ची नव्हती, त्यांनी ६५० पर्यंत मजल मारली. दोन डावांत मिळून तेराशेच्या वर धावा आणि निकाल लागला तो २५ धावांच्या आघाडीवर! फायनलमध्ये मद्रासला ६ विकेटने हरवून कप पुन्हा पुण्यात आला.

बरं, एवढ्यावरही प्राध्यापकांचं समाधान नाही. १९४४-४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच मॅचच्या दोन्ही डावांत शतकं केली. १०५ आणि १४१. आज पस्तिशीच्या खेळाडूला आपण घरी बसायला सांगतो, म्हणून आठवण करून दिली.

मग टीमचं गाडं अडलं कुठे? माझ्या मते मोठं कारण पोटाचं होतं. रणजी खेळून तेव्हा घर चालत नव्हतं. खेळाडूंना आधार असायचा तो संस्थानिकांच्या नोकरीचा. हजारे बडोद्याकडे गेले. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ काढल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाताशी असताना समोरच्या टीमने मॅचच सोडून दिली. तेच निंबाळकर बडोदा, होळकर अशा टीमकडूनही खेळले. देवधरांच्या पायाखाली मात्र कॉलेजची पक्की नोकरी होती, ते पुण्यातच राहिले.

पुढे ते निवड समितीवर गेले, बोर्डाचे उपाध्यक्ष झाले. १९६५ ला पद्मश्री, १९९१ ला पद्मभूषण मिळालं. १९७३-७४ पासून विभागीय टीमच्या वनडे स्पर्धेला त्यांचं नाव दिलं गेलं. घरातही खेळ होताच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटन गाजवलं.

महाराष्ट्र १९७०-७१ मध्ये फायनलला पोहोचला आणि मुंबईकडून हरला. १९९२-९३ मध्ये पुन्हा पोहोचला, तेव्हा समोर पंजाब होतं. देवधर एकशे एक वर्षांचे होते. पन्नास वर्षांनी आपल्या टीमच्या हाती कप पाहण्याची त्यांची ती शेवटची संधी होती. पंजाब जिंकलं. २४ ऑगस्ट १९९३ ला देवधर गेले. २०१३-१४ मध्ये केदार जाधवने हंगामात बाराशेवर धावा काढून टीमला आणखी एकदा फायनलला नेलं. हैदराबादच्या त्या मॅचमध्ये कर्नाटकने ७ विकेटने हरवलं.