आठवड्याला एक सू : धन्यवादित पोलिन जारिको

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी आपल्या धर्मग्रामांत मिशन रविवार साजरा होतो. दानाचा लखोटा हाती येतो, आपण त्यात काही घालतो आणि विसरून जातो. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी हा रविवार ठरवून दिला. परंतु या दानामागील मूळ योजना फ्रान्समधील एका प्रापंचिक तरुणीची होती, हे आमच्या अनुभवाप्रमाणे फार थोड्या भाविकांना ठाऊक असते.

पोलिन जारिको हिचा जन्म २२ जुलै १७९९ रोजी ल्यों शहरात झाला. वडील रेशमाचे व्यापारी. सात भावंडांत ती धाकटी. घरी सुबत्ता होती आणि पोलिनला दागदागिन्यांची व उंची वस्त्रांची हौस होती. १८१४ साली ती पडली, दीर्घकाळ आजारी राहिली आणि त्याच काळात तिची आई वारली. १८१६ च्या उपवासकाळात सें. निझिए चर्चमध्ये फादर व्युर्ट्झ यांचे पोकळ बडेजावावरील प्रवचन तिने ऐकले. त्यानंतर तिने रेशमी वस्त्रे टाकली व कामगार स्त्रियांसारखे साधे कपडे अंगावर घेतले. त्याच वर्षीच्या नाताळात तिने आजन्म कौमार्याचे व्रत घेतले. कॉन्व्हेंटमध्ये मात्र ती गेली नाही.

तिचा भाऊ फिलेआस पॅरिस येथे धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत होता. आशियातील मिशनरी किती हलाखीत आहेत, हे त्याच्याकडून तिला समजले. एका संध्याकाळी घरची मंडळी पत्ते खेळत असताना शेगडीजवळ बसलेल्या पोलिनला योजना सुचली. प्रत्येकाने आठवड्याला एक सू, म्हणजे पाच सेंटीम द्यावे व रोज प्रार्थना करावी. दहा जणांचा एक गट, दहा गटांचे शतक, दहा शतकांचे सहस्रक; प्रत्येक पायरीवर हिशेब घेणारा एक जबाबदार माणूस. एका व्यक्तीचे वर्षाला जेमतेम अडीच फ्रँक होत. हजार जणांचे मात्र २,६०० फ्रँक. आरंभीचे सभासद प्रामुख्याने रेशीम कारखान्यांतील कामगार मुली होत्या. धनिकाची देणगी एकदाच येते व त्याची मर्जी फिरली की आटते. गिरणीतील मुलीचा सू दर आठवड्याला येत असे. मिशनऱ्यांची पत्रे छापून प्रत्येक गटात वाचावयास दिली जात, त्यामुळे आपला पैसा कोठे गेला हे तिलाही कळे.

३ मे १८२२ रोजी ल्यों येथे श्रद्धाप्रसार संस्थेची रीतसर स्थापना झाली. निधी एकाच देशाला न देता जगातील सर्व मिशनांना द्यावा, असे ठरले. संस्थेची सूत्रे पुरुषांच्या मंडळाकडे गेली आणि पोलिन बाजूला पडली. तिने तक्रार केली नाही, हे तिचे चरित्रकार कौतुकाने सांगतात. आम्हाला मात्र येथे मंडळाचे वर्तनच अधिक लक्षात राहते. १८२६ मध्ये तिने पंधरा-पंधरा जणांच्या गटांची ‘जिवंत जपमाळ’ सुरू केली.

१८३१ व १८३४ साली ल्योंच्या विणकरांनी उठाव केले. विणलेल्या मालाला किमान दर मिळावा, ही त्यांची मागणी होती. दोन्ही वेळा सैन्य आले, रक्त सांडले. पोलिन रेशीम व्यापाऱ्याचीच मुलगी. कामगाराला भिक्षेची नव्हे, कुटुंब पोसेल एवढ्या मजुरीची गरज आहे आणि त्याची जबाबदारी ख्रिस्ती मालकावर येते, हे तिला पटले होते. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक १८९१ सालचे. पोलिन त्याच्या अर्धशतक आधीची.

१८४५ साली तिने दक्षिण फ्रान्समधील रुस्त्रेल येथील लोखंडाचा कारखाना घेतला. योग्य वेतन, कामगारांना घरे, मुलांना शाळा, प्रार्थनेला चॅपेल अशी तिची कल्पना होती. स्वतःचा पैसा तिने ओतलाच. तिच्या शब्दावर अनेक सामान्य माणसांनीही आपली शिल्लक त्यात गुंतवली. ज्यांच्यावर तिने कारभार सोपवला, त्यांनी तिला फसवले. कारखाना बुडाला.

आपणही फसवलो गेलो, असे म्हणून तिला मोकळे होता आले असते. तिने तसे केले नाही. गरिबांची ठेव परत करण्यासाठी तिने मालमत्ता विकली व पुढील अनेक वर्षे दारोदार हिंडून मदत मागितली. जी संस्था तिच्या योजनेतून उभी राहिली, त्या संस्थेच्या मंडळानेही तिला हात दिला नाही. १८५३ साली तिचे नाव ल्यों शहरातील निर्धनांच्या यादीत नोंदले गेले. आठवड्याला एक सू देण्याची सवय ख्रिस्तसभेला लावणारी स्त्री आता स्वतःच धर्मादायावर जगत होती. आर्स येथील धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांनी तिची साथ सोडली नाही. ९ जानेवारी १८६२ रोजी ती मरण पावली, तेव्हाही सारे देणे फिटलेले नव्हते.

बरोबर शंभर वर्षांनी, ३ मे १९२२ रोजी, पोप अकरावे पायस यांनी तिच्या संस्थेला पोपपीठाची संस्था केले. १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी तिला पूजनीय घोषित केले आणि २२ मे २०२२ रोजी ल्यों येथे कार्डिनल ताग्ले यांच्या हस्ते ती धन्यवादित झाली. तिचा देह सें. निझिए चर्चमध्ये आहे. हृदय मात्र सें. पॉलिकार्प चर्चमध्ये, विणकरांच्या जुन्या वस्तीत ठेवलेले आहे.