रयतेच्या पैशाचा राखणदार

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली कोतळूक या कोकणातील गावी झाला. बालपणी दारिद्र्य सोसल्यामुळे गरिबाच्या पैशाचे मोल ते जाणून होते.

१९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी आकडेवारीने दाखवून दिले, की दुष्काळाने रयत गांजली असताना तिजोरीत शिल्लक पडते, ती कर गरजेहून अधिक घेतल्यामुळे. मिठावरील कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. १९०७ पर्यंत तो एक रुपयावर आला.

परंतु कर देणाऱ्याला त्याचे फळही मिळावयास हवे. म्हणून १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. १९१५ साली गोखले निवर्तले. पुढे तीनच वर्षांनी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना असे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला.