औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी

आम्ही हे नवीन पनवेल येथून लिहीत आहो. पनवेल तालुका पूर्वी मुंबई इलाख्यात, इंग्रजी अमलाखाली होता; म्हणून देशाची घटना येथे लागू होण्यास कोणा राजाच्या संमतीची गरज पडली नाही. परंतु जंजिऱ्यास व घाटावर संस्थाने होती, आणि तेथे ती संमती कोणी द्यावयाची हा मोठा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका राजाच्या चरित्रात चांगले दिसते.

भवानरावांचा जन्म १८६८ साली झाला व १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे, आणि तेही विखुरलेले. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते व सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांस कारखान्यासाठी कुंडलजवळ जागा देऊन त्यांनी उजाड माळावर उद्योग उभा करविला.

वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी जे केले ते मात्र विरळा होय. पुत्र अप्पासाहेब व पोलंड देशाचे मॉरिस फ्रिडमन यांच्या साह्याने आणि गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेस देणारी घटना मंजूर केली. गावाने पंचायत निवडावी, तिचे प्रतिनिधी तालुक्याच्या पंचायतीत बसावे व तेथून विधिमंडळात जावे, अशी ती व्यवस्था होती. कोणी बंड केले म्हणून नव्हे, तर आपखुशीने राजा खाली उतरला.

पुढे १९४७ साली संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या. त्याने संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण एवढेच विषय देशाकडे गेले. पुढे होणारी घटना स्वीकारण्याचे बंधन राजांवर नव्हते, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मग ती लागू कशी झाली? मोठ्या संस्थानांच्या व संघांच्या प्रमुखांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये जाहीरनामे काढून ती मान्य केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याचे फर्मान २३ नोव्हेंबरचे आहे. लहान संस्थाने त्याआधीच प्रांतांत विलीन झाली, म्हणून त्यांस वेगळी संमती द्यावी लागली नाही. औंध ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात गेले.

अमेरिकेत १७८७ च्या घटनेस तेरांपैकी नऊ राज्यांच्या निवडलेल्या सभांची मान्यता लागली होती. आमच्याकडे कायद्याच्या दृष्टीने राजाची सही पुरली. यात औंधकरांचे नुकसानही झाले: विलीनीकरणाबरोबर त्यांची नऊ वर्षांची ग्रामघटना संपली. ज्या पंचायतींनी कारभार शिकून घेतला, त्यांस मोठ्या राज्यात पहिले स्थान राहिले नाही. आम्हांस हे लपवावेसे वाटत नाही.

भवानराव १९५१ च्या एप्रिल महिन्यात वारले. त्याआधी, २६ जानेवारी १९५० पासून, देशाची घटना अमलात आली होती, आणि तिने राजास व त्याच्या शेतमजुरास प्रत्येकी एकच मत दिले होते. औंधात ही समता काही अंशी आधीच रुजली होती. वाचकहो, आपल्या गावी ग्रामसभा भरते तेव्हा आपण घरी बसू नये. जो हक्क एका वृद्ध राजाने गादीवरून उतरून प्रजेस दिला, तो आपण आळसाने टाकून देणे बरे नव्हे.