लोरांद ओत्वोश : भूमीच्या पोटांतील भार जोखणारे शास्त्रज्ञ

चुनखडीच्या डोंगराळ मुलखांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. पाऊस भरपूर पडतो, पण जमिनीवर ओढा नाहीं कीं तळें नाहीं. पावसाच्या किंचित् आम्ल पाण्यानें खडक हजारों वर्षें विरघळून त्यांत भेगा व गुहा झालेल्या असतात, आणि पाणी त्यांतून खालीं नाहींसें होतें. अशा प्रदेशास भूगोलांत कार्स्ट म्हणतात. तेथील लोकांचें जीवन या गुप्त सांठ्यावर अवलंबून असतें; पण तो किती उरला हें विहीर खणूनही नीट समजत नाहीं, कारण एक विहीर भरल्या गुहेंत उतरते, तर शेजारची कोरड्या खडकांतच राहते. हा सांठा वरूनच अजमावण्याची युक्ति आज उपयोगांत आहे. गुरुत्वाकर्षणाच्या सूक्ष्म मापनाची वाट ज्यांनीं पाडली, त्या लोरांद ओत्वोश यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ओत्वोश यांचा जन्म २७ जुलै १८४८ रोजीं हंगेरी देशांत झाला. वडील योझेफ हे नामांकित ग्रंथकार व शिक्षणमंत्री. १८६८ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकीर्दींतला. मुलानें आरंभीं कायद्याचा अभ्यास केला, पण त्याचें मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेई. तेव्हां तो जर्मनींत हायडेलबर्ग येथें बुन्सेन, किर्खोफ व हेल्महोल्ट्झ या गुरूंपाशीं शिकला. १८७० सालीं डॉक्टर ही पदवी मिळवून तो मायदेशीं परतला आणि १८७२ सालीं बुडापेस्टच्या विश्वविद्यालयांत अध्यापक झाला.

प्रत्येक वस्तु दुसरीस आपल्याकडे ओढते, हें न्यूटननें दाखविलें होतें. यावरून उघड आहे कीं, जमिनीखालीं जड खडक असेल तेथें ओढ किंचित् अधिक, पोकळी असेल तेथें किंचित् कमी. पण हा फरक मोजावा कसा? ओत्वोश यांनीं एका बारीक तारेस आडवी दांडी टांगली, तिच्या टोकांना वजनें लाविलीं, व त्यांपैकीं एक खालच्या पातळीवर लोंबतें ठेविलें. दोहोंवरील ओढींत लेशमात्र भेद असला तरी तारेला पीळ बसे. एका जागेचें मापन पुरें होण्यास कित्येक तास लागत. भोंवतालच्या उंचसखल जमिनीचा अडथळा टाळण्यासाठीं १९०१ व १९०३ सालच्या हिवाळ्यांत त्यांनीं हें यंत्र बालाटोन सरोवराच्या गोठलेल्या, सपाट पृष्ठावर नेऊन मांडलें. त्यांचें दुसरें एक यंत्र तर इतकें नाजुक होतें कीं, डॅन्यूब नदीचें पाणी सेंटिमीटरभर चढलें वा उतरलें, तरी तें १०० मीटरांवरून ओळखावें!

१८९४-९५ मध्यें ते स्वतः शिक्षणमंत्री झाले. १८९५ सालीं शिक्षक तयार करण्यासाठीं त्यांनीं एक विद्यालय स्थापून त्यास वडिलांचें नांव दिलें. सुटींत ते डोलोमाइट पर्वताचीं शिखरें चढत. त्यांतील एकास त्यांचें नांव आहे. ८ एप्रिल १९१९ रोजीं ते निवर्तले.

त्यांच्या तराजूनें पुढें खनिज तेलाचा शोध घेण्यास मोठें साह्य केलें. आजचीं यंत्रें वेगळ्या बनावटीचीं आहेत, आणि तीं पाणीही जोखतात. एक मीटर जाडीच्या पाण्याच्या थरानें पृथ्वीची ओढ सुमारें २ कोटी ३० लक्षांत एक भाग वाढते; तेवढी वाढ हीं यंत्रें टिपतात. दक्षिण फ्रान्समधील लार्झाक या चुनखडीच्या पठारावर २००६ पासून अशीं मापनें झालीं. पाऊस मुरला कीं ओढ वाढे, उन्हाळ्यांत झरे वाहून गेले कीं ती घटे. आणि या फरकावरून खडकाच्या पोटीं किती पाणी सांठलें याचा हिशेब मांडतां आला.

विद्यार्थिमित्रहो, ओत्वोश बर्फावर तासन्‌तास थांबले तेव्हां तेल वा पाणी हें त्यांचें उद्दिष्ट नव्हतें. सत्य अचूक कळावें एवढाच त्यांचा ध्यास होता. तुमच्या प्रयोगवहींत दशांशाचें शेवटचें स्थान लिहिण्याचा आळस येईल, तेव्हां या धीराच्या पुरुषाची आठवण ठेवा. त्या शेवटच्या स्थानावरच एखाद्या तहानलेल्या गांवाचें पाणी अवलंबून असूं शकेल.