विश्लेषण : ‘स्पुटनिक’ जगाला ठाऊक, मग कोरोलेव्ह आठ वर्षे अज्ञात का राहिले?

४ ऑक्टोबर १९५७ च्या रात्री कझाकस्तानातील तळावरून (आजचे बैकोनूर) सोव्हिएत रॉकेट झेपावले. ‘स्पुटनिक-१’ वेगळा झाला, त्याचा ‘बीप-बीप’ संदेश आला आणि उपग्रह क्षितिजापलीकडे जाताच थांबला. तळावर आनंदीआनंद होता. मुख्य अभियंता सर्गेई कोरोलेव्ह यांनी मात्र मॉस्कोला लगेच कळवले नाही. सुमारे दीड तासाने दुसऱ्या बाजूने पुन्हा संदेश ऐकू आला, तेव्हाच फोन गेला.

ही वाट कशासाठी?

उपग्रह पडत नाही, असा समज असतो. प्रत्यक्षात तो सतत पडतच असतो. सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्याने तिचा पृष्ठभागही दर ८ किलोमीटरला साधारण तेवढाच खाली वळतो. त्यामुळे सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने आडवी जाणारी वस्तू पडत राहते, पण जमिनीला टेकत नाही. न्यूटनने हे सतराव्या शतकातच तोफगोळ्याच्या उदाहरणातून मांडले होते. तेवढा वेग देणारे यंत्र तेव्हा नव्हते. वेग जरा कमी पडला असता, तर उपग्रह पहिली फेरी पूर्ण होण्याआधीच वातावरणात शिरून नष्ट झाला असता. ९६ मिनिटांची फेरी पूर्ण होणे, हाच खरा पुरावा होता.

तुरुंगातून प्रक्षेपण तळापर्यंत

१९०७ मध्ये युक्रेनमधील झितोमिर येथे जन्मलेल्या कोरोलेव्ह यांना १९३८ मध्ये स्टॅलिनच्या दडपशाहीत घातपाताच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली. मारहाण झाली, कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत राबावे लागले. स्कर्व्हीने दात गेले. पुढे कैदी अभियंत्यांच्या कार्यालयात काम मिळाले आणि १९४४ मध्ये सुटका. दोषमुक्ती मिळाली ती थेट १९५७ मध्ये, स्पुटनिकच्याच वर्षी!

त्यांचे आर-७ हे मुळात अण्वस्त्र वाहून नेणारे क्षेपणास्त्र. त्यावर मोठी वैज्ञानिक प्रयोगशाळा पाठवायची होती, पण ती रखडली. अमेरिका पुढे जाईल या धास्तीने कोरोलेव्ह यांनी ८३.६ किलोचा, ५८ सेंटिमीटर व्यासाचा साधा गोळा पुढे केला. (लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो बहुतेक वेळा हा गोळा नव्हे, त्याच्यामागून फिरणारा रॉकेटचा भाग होता.) कक्षेचा खालचा टप्पा सुमारे २१५ किलोमीटरवर होता. तिथल्या विरळ हवेनेही वेग घटत गेला आणि ४ जानेवारी १९५८ रोजी स्पुटनिक जळून गेला.

कोरोलेव्ह यांचे नाव मात्र सरकारी गुपितच राहिले. १९६१ मध्ये गागारिन जगभर मिरवले; त्यांना पाठवणाऱ्याचा उल्लेख केवळ ‘मुख्य अभिकल्पक’ असा व्हायचा. १४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्कोत शस्त्रक्रियेदरम्यान कोरोलेव्ह यांचा मृत्यू झाला. दोन दिवसांनी ‘प्रावदा’ने मृत्युलेख छापला, तोही छायाचित्रासह.