कुंकळ्ळीला संपलेला प्रवास

इटलीतील आत्री येथील ड्यूकच्या घराण्यात १५५० साली जन्मलेल्या रुदोल्फो आक्वाव्हिवा यांना ऐश्वर्याची वाण नव्हती. ते सारे मागे टाकून १५६८ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले आणि १५७८ च्या सप्टेंबरात गोव्यास उतरले. पुढच्याच वर्षी अकबर बादशहाने ख्रिस्ती पंडित धाडण्याची विनंती गोव्याकडे केली. त्या पथकाचे प्रमुखपद अवघ्या एकोणतिशीच्या या धर्मगुरूंवर सोपविण्यात आले. सुरतेहून नर्मदा ओलांडून, मांडू, उज्जैन मागे टाकीत ते फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस पोहोचले.

तीन वर्षे ते दरबारात राहिले. फारसी शिकले, मौलवींशी वाद घातले. बादशहाने त्यांचा मान राखला, पण धर्म काही स्वीकारला नाही. १५८३ मध्ये ते रिकाम्या हातांनी गोव्यास परतले आणि साष्टीच्या मिशनचे प्रमुख झाले.

दरबारात त्यांच्यापाशी केवळ शब्द होते. साष्टीत मात्र पाद्र्यांच्या पाठीशी पोर्तुगीज फौज होती, आणि हा फरक निर्णायक ठरला. तिथली देवळे १५६७ पासून पाडली जात होती. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी सारा देण्याचे नाकारले होते. त्यांच्यावर चालून गेलेल्या फौजेबरोबर, देवळे पाडण्याच्या कामी, आक्वाव्हिवा यांचे सहकारी पिएत्रो बेर्नो स्वतः होते. अशा गावात चर्चसाठी जागा निवडायला जाणे हे धाडस की अजाणतेपण, हे ठरविणे अवघड आहे. २५ जुलै १५८३ रोजी गावकऱ्यांनी पाचही जेझुइटांना ठार केले. आक्वाव्हिवा तेव्हा बत्तीस वर्षांचे होते.

सूड त्वरित उगवला गेला. वाटाघाटींच्या मिषाने गावच्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली. रोमने १८९३ मध्ये पाचही जेझुइटांना धन्य घोषित केले. गावप्रमुखांची स्मृती मात्र दीर्घकाळ गावानेच जपली.

मृतदेह ज्या विहिरीत टाकले गेले, तेथे आज सेंट फ्रान्सिस झेवियरचे चॅपेल आहे, आणि त्याच कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या प्रमुखांचे स्मारकही उभे आहे. त्या धामधुमीच्या काळात शेजारच्या फातर्प्याला नेलेली शांतादुर्गा दरवर्षी फाल्गुनात छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीस येते. त्या मिरवणुकीत गावातील ख्रिस्ती कुटुंबेही सामील होतात.